अकरा महिने, मग पुन्हा अकरा महिने

मार्च संपत आला की नाशिकमधल्या बऱ्याच घरांत एका कागदाची वाट पाहिली जाते. सरकारी दवाखान्यात कंत्राटावर असलेली परिचारिका, संगणकावर बसणारा मुलगा, विनाअनुदानित शाळेतली शिक्षिका, अनेकांची मुदत याच सुमारास संपते. मुदतवाढीचा कागद आला की घराला हायसं वाटतं. दोन दिवसांनी जेवताना कुणीतरी विषय काढतंच, की हे असं आणखी किती वर्षं चालायचं?

वडाळा भागातल्या एका भगिनीने आम्हाला हेच विचारलं आहे. मुलगी सत्तावीस वर्षांची, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली, सरकारी दवाखान्यात कंत्राटावर. अकरा महिन्यांचा हा पाचवा आदेश. ती म्हणते, यंदा सही करणार नाही, पुण्याला खासगी रुग्णालयात जाते. अब्बा म्हणतात, हातातलं सोडू नको. मुलगा बावीस वर्षांचा, आयटीआय फिटर, अंबडच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत. त्याच्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे: “त्याचं ठीक चाललं आहे.”

आम्हाला काळजी वाटली ती या ओळीची.

मुदतवाढ घ्यावी की नाही, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. दरवेळी मुदत वाढते तेव्हा माणसाच्या खात्यात नवं काय जमा होतं, ते पाहावं लागतं. मुलीच्या खात्यात दरवर्षी काहीतरी पडतं आहे. मुलाचं खातं दर सात महिन्यांनी रिकामं होतं, आणि घरात कुणाच्या ते लक्षात आलेलं नाही.

आधी मुलीचं पाहू. सरकारी कंत्राटात टिकून राहिलं की एक दिवस कायम करतात, अशी समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात सांगितलं, की रीतसर भरतीशिवाय झालेल्या तात्पुरत्या नेमणुकीवर केवळ बरीच वर्षं काढली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. २० डिसेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने जग्गो खटल्यात केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगारांना आणि माळ्याला कायम करण्याचा आदेश दिला, आणि कायम स्वरूपाचं काम वर्षानुवर्षं तात्पुरत्या माणसांकडून करून घेण्याच्या सरकारी सवयीवर कडक शब्दांत बोट ठेवलं. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण ते उघडायला त्या लोकांना कोर्टात किती काळ उभं राहावं लागलं, हेही विसरू नये.

आपल्या राज्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षं पूर्ण केलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना समकक्ष पदांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. अंमलबजावणी रखडली म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं. आणि नाशिककरांना तर लांब बघायची गरजच नाही. आदिवासी आश्रमशाळांतल्या रोजंदारी शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी जुलै २०२५ मध्ये आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडलं, भर पावसात. त्यांतल्या कित्येकांची अनेक वर्षं त्या शाळांत गेलेली. सरकार त्या जागा बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदाराकडून, भरायला निघालं होतं. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांनी ते पाहिलं आहे. दरवर्षी मिळणारी मुदतवाढ म्हणजे आश्वासन नव्हे, हे त्याहून स्पष्ट कोण सांगणार?

तरीही या मुलीने सही करावी, असं आम्ही म्हणतो. कायम होण्याच्या आशेवर नव्हे. दहा वर्षं व्हायला तिला आणखी पाच-सहा वर्षं आहेत, आणि तोवर कोणता नियम राहील हे कुणी सांगावं? सही करायची ती वेळेसाठी. सरकारी दवाखान्यातला अनुभव कागदावर आहे, घरापासून सिटी बसने जाता-येता येतं, आणि सरळसेवेची जाहिरात कधीही येऊ शकते. सार्वजनिक आरोग्य विभागाने २०२३ मध्ये १०,९४९ पदांची जाहिरात काढली, त्याच वर्षी जिल्हा परिषदांचीही मोठी भरती निघाली. त्याआधी २०२१ ची आरोग्य भरती पेपरफुटीत बुडाली होती. अशा संध्या ठरल्या वेळेला येत नाहीत; आल्या की अर्जाला फार दिवस मिळत नाहीत. पुण्याचा पगार कागदावर मोठा दिसतो, पण खोलीचं भाडं, डबा आणि दर पंधरवड्याला नाशिकची खेप वजा केली की किती उरतं, ते एकदा वहीत मांडून बघा. पाळ्यांची ड्युटी असेल तर अभ्यास कधी करायचा, तेही त्याच वहीत लिहा.

आता अब्बांसाठी थोडं. मुलीला ‘सोडू नको’ म्हणणं सोपं आहे. पण घराने तिची नोकरी तात्पुरती धरली आहे ती सरकारच्याही आधीपासून. लग्न होईपर्यंत चालू दे, असा हिशेब असतो. मग तिच्या परीक्षेची फी जास्त वाटते, रविवारी पुस्तक घेऊन बसली तर पाहुण्यांसाठी उठवलं जातं, आणि पगार मात्र पहिल्या तारखेला पूर्ण घरात येतो, भावाच्या मोबाइलचा हप्तासुद्धा त्यातूनच जातो. (हे पत्रात लिहिलेलं नाही. आम्ही इतकी घरं पाहिली आहेत की लिहायची गरज पडत नाही.) हातातलं धरून ठेव म्हणायचं असेल, तर ते धरून पुढचं शोधायला लागणारा वेळ आणि पैसा घराने द्यायला हवा. वर्षातला एक पगार तिच्या क्लासला, अर्जांना आणि परीक्षेच्या प्रवासाला ठेवा. संध्याकाळचे दोन तास तिला हाक मारू नका. स्थळ पाहायला येणाऱ्यांनाही सांगा, की ती परीक्षा देते आहे आणि पुढेही देईल.

आणि एक काम, जे आमच्या अनुभवात निम्म्या घरांत राहून गेलेलं असतं. महाराष्ट्रात जुलाहा-मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी-मन्सुरी अशा अनेक मुस्लिम जमाती इतर मागासवर्गात येतात. राज्य सरकारच्या भरतीत खुल्या वर्गाची वयोमर्यादा साधारण ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. पाच वर्षांचा हा फरक कंत्राटावर वर्षं काढणाऱ्यांना फार मोलाचा असतो, राखीव जागा वेगळीच. पण त्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून या राज्याचं रहिवासी असल्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. इथेच गाडी अडते. दादाजींच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. अनेकजण तिथेच फाईल बंद करतात. बंद करू नका. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचाही जुना कागद चालतो: चुलत आजोबांचा दाखला, फुफीचा शाळेतला उतारा, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुनं खरेदीखत. मालेगाव, येवला, सिन्नर, जिथून तुमचं घराणं नाशकात आलं तिथल्या शाळेत एक दिवस जाऊन बसा. दाखला, मग नॉन-क्रीमीलेअर, मग पडताळणी, यात महिने जातात. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर उशीर झालेला असतो. पाचव्या आदेशाचे अकरा महिने या कामाला पुरेसे आहेत.

शिक्षिका असलेल्या मुलींसाठी दोन शब्द. विनाअनुदानित शाळेत मुदतवाढ घेत राहताना टीईटी झाली आहे का, ते आधी पाहा. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटीचं बंधन घातलं. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. खटल्यातली एक बाजू महाराष्ट्रातलीच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट होती. आपली शाळा अल्पसंख्याक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शिक्षक भरतीची अभियोग्यता परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली आहे. एक चुकली तर पुढची कधी, याचा भरवसा नाही.

आता तो फिटर मुलगा, ज्याचं ठीक चाललं आहे.

सातपूर-अंबडमध्ये ठेकेदाराचा सात महिन्यांचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. बारा महिन्यांत २४० दिवसांची सलग सेवा झाली की कामगाराला कायद्याने काही हक्क मिळू लागतात, म्हणून त्याआधीच ब्रेक दिला जातो. महिनाभराने तोच मुलगा त्याच मशीनवर, पण गळ्यातल्या कार्डावर ठेकेदाराचं नाव दुसरं. अनुभव पुन्हा शून्यापासून. प्रत्येक ब्रेकला तो पीएफ काढून घेतो, कारण पैसे दिसतात. वास्तविक खाते क्रमांक एकच ठेवून रक्कम पुढच्या नोकरीत वळती केली, तर वेगवेगळ्या मालकांकडची सेवा जोडली जाते, आणि दहा वर्षांची सेवा झाली की पेन्शनचा हक्क मिळतो. काढून घेतली की ती वर्षंही गेली. मुलाला आज संध्याकाळीच मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडायला सांगा. पगारातून कपात होते आहे पण पासबुकात जमा नाही, असं आढळलं तर नाशिकच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार करता येते; ठेकेदाराने चुकवलेल्या पैशांची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कामगार विम्याचं कार्डही हवं. सातपूरचं कामगार रुग्णालय त्यासाठीच आहे, आणि कार्डावर आईवडिलांचंही नाव घालता येतं, ते तुमच्यावर अवलंबून असतील तर.

या मुलाने पुढची मुदतवाढ घेऊ नये. लगेच राजीनामा द्यावा असंही नाही. ब्रेक मिळणारच आहे, त्या महिन्याचा उपयोग करावा. ॲप्रेंटिसशिप राहिली असेल तर ती आधी. ओझरचं हिंदुस्थान एरोनॉटिक्स आयटीआय झालेल्यांना घेतं, पण पास होऊन फार वर्षं झाली की काही ठिकाणी अर्ज चालत नाही, म्हणून उशीर नको. १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं की रेल्वेच्या खालच्या श्रेणीतल्या भरतीत अशांसाठी २० टक्के जागा असतात. विद्यावेतन आजच्या पगारापेक्षा कमी भरेल. वर्षभराचा तो खड्डा बहिणीच्या पगाराने भरायचा नाही, एवढं आधी ठरवून घ्या. आणि एखाद्या कंपनीने थेट आपल्या नावाने ठरावीक मुदतीचा करार देऊ केला, तर तो ठेकेदाराच्या कार्डापेक्षा कितीतरी बरा: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार अशा कामगाराला पाचऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते.

भगिनीने शेवटी लिहिलं आहे की इस्तिखारा केला, पण मन एका बाजूला झुकत नाही. इस्तिखारा जरूर करावा. पण त्याच्या सोबत मशवराही लागतो, आणि मशवरा माहीतगाराशी: त्याच दवाखान्यातल्या दहा वर्षं झालेल्या परिचारिकेशी, अंबडमध्ये कायम झालेल्या एखाद्या फिटरशी. शिवाय कुरआनमधली सगळ्यांत मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपण मुलांना शिकवतो, आणि नोकरीत मात्र ‘साहेब म्हणाले, बघू’ यावर पाच वर्षं काढतो. तोंडी शब्दावर काही धरू नका.

मुलीने आदेशावर सही करण्याआधी नोटिशीची अट वाचावी. बहुतेक ठिकाणी एक महिन्याची असते. तेवढीच असेल तर सही केली म्हणून ती अडकत नाही; चांगली नेमणूक आली की महिन्यात मोकळी. त्याहून मोठी असेल, किंवा मुदतीआधी सोडल्यास पैसे भरायची अट असेल, तर सहीआधी त्या पानाची झेरॉक्स आम्हाला पाठवा.