पालकाचा डबा आणि सुरतेची जहाजे

ताटातील पालकाची भाजी आम्ही बाजूस सारली की आमचे पालक हटकून पॉपाय खलाशाचा दाखला देतात. मात्र त्याच खलाशाचे चित्रपुस्तक आमच्या हाती दिसले की, ते टाकून अभ्यासाला बसण्याची आज्ञा होते! चित्रकथांवरील हा रोष आम्हांस अन्यायाचा वाटतो.

पॉपायचा जन्मवृत्तान्तच पाहावा. एल्झी सेगार या अमेरिकन चित्रकाराची चित्रमाला वृत्तपत्रांत १९१९ पासून चालू होती. तीत १७ जानेवारी १९२९ रोजी हा एकाक्ष खलाशी अवतरला, तो केवळ जहाज हाकण्यासाठी ठेवलेला नोकर म्हणून. प्रवास संपताच सेगारने त्यास निरोप दिला. परंतु वाचकांनी त्यास परत आणविले आणि नोकराचा नायक झाला. गंमत अशी की, त्या पहिल्या कथेत पालकाचे नावही नाही. गोळ्या लागूनही तो वाचला, तो एका अद्भुत कोंबडीच्या डोक्यावरून हात फिरवून! सेगार १९३८ साली, वयाच्या ४३ व्या वर्षी निवर्तला. पुढे १९४८ पासून डेल प्रकाशनाने पॉपायची स्वतंत्र पुस्तके नियमित काढली. सेगारचा जुना मदतनीस बड सॅगनडॉर्फ याने ती वर्षानुवर्षे लिहिली व रेखाटली. ना रूप, ना विद्या, बोलणेही ओबडधोबड. तरी दुबळ्यांच्या पाठीशी उभा राहणारा हा खलाशी वाचकांनी आपला मानला. ही काय थोडी शिकवण झाली?

आमची खंत निराळीच आहे. परदेशी खलाशी आम्हांस तोंडपाठ. पण ज्या सुरतेहून मोगल काळी हाजयात्रेकरूंची जहाजे निघत, तेथील दर्यावर्दी आम्हांस अपरिचित! सुरतेचे कसबी सुतार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस गेले आणि तेथील गोदीचे शिल्पकार ठरले. त्यांच्या वंशजांनी १८१७ साली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. त्या सुताराच्या हातातील वाकस पॉपायच्या पालकाच्या डब्याहून कमी चित्तवेधक आहे काय?

म्हणून येत्या सुट्टीत आम्ही वर्गबंधूंनी लवजींची चित्रकथा रेखाटण्याचे योजिले आहे. रेषा वाकड्या येतील, रंग सांडतील. वडीलधाऱ्यांनी मात्र ते पुस्तक आमच्या हातून काढून घेण्याऐवजी एकदा स्वतः वाचून पाहावे, एवढीच विनंती. त्या दिवशी पालकाची भाजी आम्ही विनातक्रार खाऊ!