अकरा जण आणि बाकीचे

क्रिकेटवर लिहायचे म्हटले की आपल्या वार्षिक अंकात दोन प्रकारचे लेख येतात. एक, क्रिकेटपायी अभ्यासाचे कसे वाटोळे होते हे सांगणारा. दुसरा, क्रिकेट हा नुसता खेळ नसून जगण्याचे तत्त्वज्ञान आहे असे सांगणारा. पहिला लेख बहुधा पहिल्या वर्गात येणारी मंडळी लिहितात आणि दुसरा आमच्यासारखे मागच्या बाकावरचे. प्रस्तुत लेख या दोन्हींत बसत नाही. मला लिहायचे आहे ते खेळाविषयी नव्हे, तर खेळ सुरू होण्यापूर्वी जी यादी लागते तिच्याविषयी. संघात कोण आले, कोण गेले, कोण बाराव्या जागेवर बसून पाण्याच्या बाटल्या नेतो आहे, याचा मी गेली काही वर्षे मन लावून पाठपुरावा करतो. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात. एका प्राध्यापकांनी तर, ‘एवढ्या चिकाटीने पेशव्यांचे कारभारी पाठ केले असतेस तर!’ असे वर्गातच ऐकवले. पण वाचकहो, कारभारी काय आणि संघनिवड काय, माणसे कशी नेमली जातात आणि कशी बाजूला सारली जातात, हाच दोन्हीकडचा विषय आहे.

मुंबईच्या रणजी संघाचेच उदाहरण घेऊ, कारण तो आपला आहे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने पंधरा वर्षे रणजी करंडक या शहराबाहेर गेला नाही. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून मुंबईने बेचाळिसाव्यांदा तो जिंकला. त्याच हंगामात बडोद्याविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर आलेल्या तनुष कोटियन व तुषार देशपांडे यांनी दोघांनीही शतके ठोकली होती. ज्या संघाचे शेपूट असे, त्याच्या यादीत शिरण्यासाठी बाहेर किती गर्दी असेल याची कल्पना करावी. विरारपासून कल्याणपर्यंत पहाटेच्या लोकलमध्ये किटची बॅग सांभाळत, लोकांचे शब्द ऐकत उभी असलेली पोरे आपण रोज पाहतो. त्या सगळ्यांच्या पुढे एकच दार आहे आणि त्या दारातून एका वेळी अकराच जण आत जाऊ शकतात.

आता जानेवारी २०२५ कडे येऊ. २०२४-२५ चा रणजी हंगाम दोन भागांत झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच सामने झाले. बडोद्याकडून पहिलाच सामना हरलेली मुंबई पुढे सावरली. त्या सावरण्यात विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेचा वाटा मोठा होता. महाराष्ट्राविरुद्ध १७६ आणि सेनादलाविरुद्ध ११६, अशी सलामीला येऊन त्याने दोन शतके केली. ओडिशाविरुद्ध श्रेयस अय्यरने २३३ केल्या आणि दुसऱ्या बाजूने सिद्धेश लाडने नाबाद १६९. सिद्धेश हा बोरिवलीचे प्रशिक्षक दिनेश लाड यांचा मुलगा. मुंबईत जागा टिकेना म्हणून मध्यंतरी तो गोव्याकडून खेळला आणि पुन्हा घरी परतला.

मग ऑस्ट्रेलियात भारताचा ३-१ असा पराभव झाला. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंनी स्थानिक क्रिकेट खेळलेच पाहिजे, असा नियमंडळाचा आग्रह सुरू झाला आणि तेवीस जानेवारीला जम्मू-काश्मीरविरुद्ध बीकेसीच्या मैदानावर रोहित शर्मा व यशस्वी जयस्वाल सलामीला उतरले. म्हात्रे संघाबरोबर होता, पण अकरांत नव्हता. लाडही नव्हता.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मुंबई १२० धावांत गारद झाली. दुसऱ्या डावात सात गडी बाद १०१ अशी अवस्था असताना शार्दूल ठाकूर (११९) आणि तनुष कोटियन (६२) यांनी अब्रू राखली, तरी जम्मू-काश्मीरने पाच गडी राखून सामना जिंकला. रोहितच्या धावा ३ आणि २८, जयस्वालच्या ४ आणि २६. पुढच्या सामन्यासाठी मोठी नावे नव्हती. लाड परतला आणि त्याने मेघालयाविरुद्ध १४५ केल्या. मुंबईने तो सामना एक डाव आणि ४५६ धावांनी जिंकला. बोनस गुण मिळाला, तिकडे बडोदा हरले आणि मुंबई कशीबशी बाद फेरीत पोचली.

हे सांगून ‘बघा, मोठी नावे घेतली म्हणून हरलो’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो मी काढणार नाही. एका सामन्यावरून काहीच सिद्ध होत नाही. रोहितने त्या दिवशी दीडशे धावा केल्या असत्या तरी माझे म्हणणे हेच राहिले असते. निवड योग्य की अयोग्य हे धावफलकावरून नव्हे, तर नाणेफेकीपूर्वी जे ठाऊक होते त्यावरून ठरवायला हवे. आणि नाणेफेकीपूर्वी ठाऊक होते ते एवढेच, की ज्यांनी थंडीच्या तोंडावर आगरतळ्यापासून दिल्लीपर्यंत गुण गोळा केले त्यांच्यातले दोघे, हंगाम ऐन रंगात आला असताना, खेळात काही कमी पडले म्हणून नव्हे तर दुसरे कोणी मोकळे झाले म्हणून बाहेर बसले.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मोठा खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये असला की पोरे त्याच्याकडे पाहून शिकतात, हे खरे आहे. रोहितही काही आकाशातून पडलेला नाही. बोरिवलीत आजी-आजोबांकडे राहून, दिनेश लाडांच्या हाताखाली तो घडला. त्याला मुंबईच्या टोपीवर हक्क नाही असे कोण म्हणेल? शिवाय राष्ट्रीय खेळाडूंनी रणजीकडे पाठ फिरवली तर स्पर्धाच ओस पडेल. त्यादिवशी बीकेसीला सकाळपासून लोटलेली गर्दी म्हात्रेसाठी आली नव्हती, हेही कबूल. पण शिकण्यासाठी वडीलधाऱ्याजवळ बसणे निराळे आणि आपल्या ताटावरून उठून त्याला पाट देणे निराळे. नियम चांगला आहे. तो पाळण्याची वेळ वाईट आहे. खेळायचे तर ऑक्टोबरात यावे, निदान दोन-तीन सामन्यांची तयारी ठेवून यावे. शार्दूलचे पाहा. तोही भारताकडून खेळलेला, पण तो हंगामभर संघासोबत राबत होता. पडत्या डावात ५१ आणि ११९ धावा त्याच्याच बॅटीतून आल्या, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

जुनी माणसे या बाबतीत १९७१ ची आठवण काढतात आणि ती काढण्यासारखीच आहे. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर आणि अशोक मंकड असे मुंबईचे पाच जण त्या वर्षी भारतीय संघासह वेस्ट इंडीजला गेले होते. मागे उरलेल्या संघाचे नेतृत्व सुधीर नाईक यांच्याकडे आले आणि त्या संघाने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून करंडक राखला. पद्माकर शिवलकर त्या संघात होते. पुढे प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही त्यांना भारताची टोपी कधी मिळाली नाही, ही गोष्ट निराळी. मुद्दा असा, की मुंबईचे खरे वैभव पहिल्या पाचांत नव्हते. पाच गेल्यावर जे उरत त्यांच्यात होते. ती दुसरी फळी काही आभाळातून येत नाही. १९४८ पासून चालत आलेल्या कांगा लीगमध्ये पावसाळी खेळपट्टीवर चिखल तुडवून, कचेऱ्यांच्या सामन्यांत उन्हात राबून ती तयार होते, आणि ‘आज ना उद्या आपलीही पाळी येईल’ या भरवशावर टिकते. भरवसा गेला की फळी गेली.

भरवसा गेल्यावर माणसे काय करतात तेही आपण पाहतो आहोत. एप्रिल २०२५ मध्ये जयस्वालने गोव्याला जाण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र मागितले आणि पुढच्याच महिन्यात ती मागणी मागे घेण्याची विनंती केली. त्याच उन्हाळ्यात पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला आणि ऑक्टोबरात चंडीगडविरुद्ध त्याने २२२ धावा कुटल्या. शालेय सामन्यात एका डावात ५४६ धावा करणारा हा विरारचा मुलगा; शिस्त आणि तंदुरुस्ती यांवरून त्याला संघातून वगळले होते, आणि त्यात निवड समितीचे काही चुकले असे मला वाटत नाही. अशा वेळी आपल्याकडे कट्ट्यावर लगेच ‘गद्दार’ हा शब्द निघतो. तो मला पटत नाही. अमोल मुझुमदारने पदार्पणातच २६० धावा केल्या, २००६-०७ मध्ये पहिले तिन्ही सामने हरलेल्या मुंबईला कर्णधार म्हणून करंडक मिळवून दिला आणि शेवटी त्याला आसामकडे जावे लागले. वसीम जाफर विदर्भाकडे गेला आणि विदर्भाने लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. कोणी कोणाशी बेइमानी केली, हे सांगणे इतके सोपे नाही. निष्ठा ही दोन्ही बाजूंनी पाळायची गोष्ट आहे. यादी करणाऱ्याने ती आधी पाळावी.

त्या हंगामाचा शेवट बोलका आहे. उपान्त्य सामना नागपूरला होता. मुंबईकडे सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे आले. पहिल्या डावात दोघेही शून्यावर परतले. त्या डावात मुंबईचे एकमेव शतक काढले ते आकाश आनंदने. सामना चालू असतानाच मिलिंद रेगे गेल्याची बातमी आली. मुंबईचा हा माजी कर्णधार पुढे कितीतरी वर्षे संघनिवडीच्या कामात होता. मुंबई ८० धावांनी हरली आणि विदर्भाने पुढे करंडक जिंकला. विदर्भातही बाहेरून आलेले होतेच. करुण नायर कर्नाटकचा, ध्रुव शोरी दिल्लीचा. मग फरक काय? फरक इतकाच, की ते बाहेरचे असूनही हंगामभर आतले होते. हर्ष दुबेने त्या एका हंगामात ६९ बळी घेतले आणि ऐनवेळी त्याला कोणासाठी जागा रिकामी करावी लागली नाही.

कोणी म्हणेल, खेळाडू मोठे असतात, त्यांचे काही बिघडत नाही. आयुष म्हात्रेचे खरोखरच बिघडले नाही. तीनच महिन्यांत ऋतुराज गायकवाड जखमी झाला आणि चेन्नईने त्याच्या जागी म्हात्रेला बोलावले. पण प्रत्येकाला चेन्नई भेटत नाही. मुलुंडच्या प्रवीण तांबेला आयपीएलची टोपी मिळाली ती २०१३ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. तोवर त्याच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकही सामना नव्हता. आपण तांबेची गोष्ट चिकाटीची म्हणून कौतुकाने सांगतो. मी ती वाचतो तेव्हा मला दुसराच प्रश्न पडतो. वीस वर्षे यादी करणारे काय पाहत होते? आणि जे पस्तिसाव्या वर्षी थकून थांबले असे आणखी किती तांबे मुलुंड-भांडुपच्या चाळींत असतील?

हा प्रश्न फक्त वानखेडेचा नाही, म्हणून तर तो या अंकात मांडतो आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत आपण काय करतो? जूनपासून सरावाला येणारी, लेक्चर बुडवून हजेरीची बोलणी खाणारी, नेट बांधणारी आणि रोलर ओढणारी पोरे साखळी सामने खेळतात. बाद फेरी आली की वर्षभर न फिरकलेला एखादा ‘जिल्ह्याचा’ खेळाडू अवतरतो आणि रोलर ओढणाऱ्याचे नाव फलकावरून नाहीसे होते. एकांकिकेच्या तालमीतही हेच आणि वक्तृत्वाच्या संघातही हेच. चषक येतो, तो काचेच्या कपाटात बसतो, त्याचा फोटो अंकात छापला जातो. त्या फोटोत कोण नाही, हे मात्र कोणी पाहत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. एक, ज्याने साखळी सामने खेळले त्याला बाद फेरीत वगळायचे असेल तर त्याचे कारण खेळातलेच असावे: फॉर्म, दुखापत, शिस्त किंवा खेळपट्टी. दुसरा मोकळा झाला, हे कारण नव्हे. दोन, ते कारण त्या खेळाडूला यादी लागण्यापूर्वी तोंडावर सांगावे. स्वतःचे नाव नाही हे त्याला फलकासमोरच्या गर्दीत उभे राहून कळू नये. तीन, मोठ्यांनी जरूर यावे, पण हंगामाच्या आरंभी यावे. या तीन गोष्टींना पैसा लागत नाही, फक्त थोडी लाज आणि थोडे धैर्य लागते.

आणि आपण प्रेक्षकांनीही थोडे करावे. सकाळी पेपर उघडला की शतक कोणाचे झाले हे वाचून झाल्यावर, बाजूच्या बारीक अक्षरांतली यादीही वाचावी. कालपर्यंत तिथे असलेले एखादे नाव आज नसेल, तर ‘का?’ असे विचारावे. हा प्रश्न विचारणारे शंभर जण आहेत हे जरी कळले, तरी यादी करणाऱ्याचा हात दुसरे नाव खोडण्यापूर्वी क्षणभर थांबेल. तेवढ्या क्षणात विरारच्या लोकलमधल्या एखाद्या पोराचा हंगाम वाचू शकतो.