कुरणाचा श्वास व पहिला पाऊस

वळवाच्या दोन सरी पडून माळ हिरवट दिसूं लागला कीं लगेच जनावरें कुरणांत सोडावयाचीं, ही वहिवाट देशावर बहुतेक ठिकाणीं आढळते. ती कुरणास घातक आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. तिचें मुख्य नुकसान गवताच्या पात्यांत दिसत नाहीं. तें जमिनीच्या श्वासोच्छ्वासांत आहे.

जमीन श्वास घेते हें नुसतें अलंकारिक बोलणें नव्हे. गवताचीं मुळें व मातींतील असंख्य सूक्ष्म जंतु प्राणवायु घेऊन कर्बाम्ल वायु बाहेर टाकतात. जंतूंचा हा श्वास म्हणजे मातींत सांठलेल्या सेंद्रिय द्रव्याचा खर्च होय. जमा काय ती हिरव्या पानाकडून. उष्णमान १० अंश सेंटिग्रेडनें वाढलें तर हा श्वास सुमारें दुप्पट होतो, परंतु मातींत ओल असेल तरच. वैशाखांत माळ तव्यासारखा तापतो, तरीही श्वास मंद असतो, कारण कोरड्या मातींत जंतूंचें कांहीं चालत नाहीं. उलट, आषाढांत जमीन चिबडली म्हणजे हवेच्या वाटा पाण्यानें बुजतात व श्वास पुन्हां कोंडतो.

सर्वांत मोठा उसासा पडतो तो कोरड्या, तापलेल्या मातीवर पहिलें पाणी पडतें तेव्हां. पूर्व आफ्रिकेंतील मातींवर बर्च या शास्त्रज्ञानें केलेले व १९५८ सालीं प्रसिद्ध झालेले प्रयोग या बाबतींत प्रमाण मानले जातात. माती भिजतांच कुजण्याची क्रिया एकदम उसळते, त्याबरोबर नत्रही मोकळें होतें, आणि माती जितकी अधिक काळ कोरडी राहिली असेल तितकी उसळी मोठी, असें त्यानें दाखविलें. ज्यास प्रत्यय पाहावयाचा असेल त्यानें उन्हाळ्यांत माळावर दोन सारखीं घमेलीं पालथीं घालावीं, एक कोरड्या जागीं व एक आदल्या सायंकाळीं पाणी शिंपडलेल्या जागीं. दोहोंखालीं बशींत चुन्याची स्वच्छ निवळी ठेवून कडा मातीनें दाबाव्या. कांहीं तासांनीं ओल्या जागेच्या निवळीवर पांढरी साय अधिक जाड धरलेली दिसेल.

आतां मोकळें झालेलें हें नत्र घेणार कोण? मारवेल, पवन्या यांसारख्या बहुवर्षायु गवताचे ठोंब जिवंत असले तर त्यांचीं मुळें तें उचलतात व कोंब फेंकतात. हे कोंब मुळांतील शिलकेवर निघालेले असतात. नेमके तेच जनावरानें खाल्ले कीं ठोंब दुबळा होतो, मुळें आखडतात आणि नत्र पुढील मोठ्या पावसाबरोबर वाहून जातें. खर्च चालू, जमा बंद, असा हा व्यवहार होय. कांहीं वर्षांत चांगलीं गवतें जाऊन निकृष्ट वर्षायु गवतें माजतात.

माळ जाळल्यानें गवत जोमानें फुटतें, ही समजूतही तपासून पाहावी. आगीनें वरचा पाचोळा जातो, काळी पडलेली जमीन अधिक तापते व उघडी राहते. शिवाय कुसळीचें बीं आपल्या पिळदार कुसळानें जमिनींत शिरून बसतें व आगींतून वांचतें, त्यामुळें वारंवार जाळणारा बहुधा कुसळीचीच भर करतो.

ज्येष्ठांत वैरण संपलेली असते, मग जनावरांनीं खावें काय, हा आक्षेप खरा आहे. लहान खातेदारास सर्व कुरण राखणें परवडणार नाहीं, आणि चराई कायमची बंद करावी असेंही आमचें म्हणणें नाहीं. पण कुरणाचे तीन भाग करून एक भाग पहिल्या पावसापासून गवताचें बीं पडेपर्यंत राखणें व दरसाल तो भाग बदलणें बहुतेकांच्या आटोक्यांतलें आहे. राखलेल्या भागाचें गवत कापून त्याची गंजी रचावी, आणि ती दिवाळीनंतर विकून न टाकतां पुढच्या ज्येष्ठासाठीं झांकून ठेवावी.