सातबारा आणि सात डिसेंबर
जमिनीचा तंटा उभा राहिला की ज्या नांदेड-लातूरच्या मुलखात जुने खासरापत्रक आजही धुंडाळले जाते, तेथे एखाद्या कारकुनाने एक्सेलच्या रकान्यात सरळ मनाने सातबारा उताऱ्यासाठी ‘7/12’ असे लिहावे आणि त्या यंत्राने, कोणाचाही हुकूम नसताना, त्याची 7 डिसेंबर ही तारीख करून टाकावी, हा निव्वळ आगाऊपणा होय. तिला पुन्हा मजकुराचे रूप देऊ जावे, तर 2025 सालच्या नोंदीच्या जागी 45998 हा, 1900 च्या प्रारंभापासून मोजलेल्या दिवसांचा, आकडा उमटतो. हिस्सा क्रमांक 12/3 चीही तीच गत. मानवी जनुकांच्या नामकरण समितीने तर या जाचापायी 2020 पर्यंत अशाच तारखा बनून जाणारी काही नावेच बदलली! आपण मात्र नोंदी भरण्यापूर्वीच रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, अथवा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. मागाहून केलेल्या दुरुस्तीने मूळ नोंद परत येत नाही.