ग्रंथालयाची किल्ली

शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की शाळेच्या वेळापत्रकातून सर्वप्रथम नाहीसा होतो तो ग्रंथालयाचा तास. त्याची जागा सरावाच्या प्रश्नपत्रिका घेतात. आईवडिलांना हे योग्य वाटते, शिक्षकांना सोयीचे वाटते; आणि खरे सांगायचे तर मुख्याध्यापक असताना मलाही ते योग्यच वाटत असे. आज माझे मत अगदी उलट आहे. परीक्षेच्या दिवसांत तर ग्रंथालयाचे दार अधिकच उघडे असले पाहिजे. हे मी एका विद्यार्थिनीकडून शिकलो, तेही उशिरा.

त्या वर्षी डिसेंबरातच मी पुस्तकांच्या कपाटांना कुलूप लावून किल्ली माझ्या मेजाच्या खणात ठेवली होती. मुले गोष्टींच्या पुस्तकांत रमतात आणि गुण घालवतात, अशी माझी समजूत! फेब्रुवारी महिन्यात एके दिवशी एक मुलगी सरावाचे पुस्तक घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, येथे 'पाणी जोखणे' याचा अर्थ 'पराभव करणे' असा दिला आहे. पण जोखणे म्हणजे वजन करणे ना? माझी आजी धान्य जोखते. मग पराभव कसा?" मी घाईत होतो. "छापले आहे तसे पाठ कर," एवढेच बोललो. ती निमूटपणे परत गेली.

शाळा सुटल्यावर मात्र मला चैन पडेना. कपाट उघडून मी दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' काढला. १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेला हा कोश आमच्या शाळेत होता, आणि मी तो कुलपात ठेवला होता! पाणी म्हणजे केवळ जल नव्हे. मोत्याची झळाळी, तलवारीचे तेज, माणसाच्या अंगचा जोम यांनाही मराठीत पाणीच म्हणतात. म्हणून पाणी जोखणे म्हणजे समोरच्याचे सामर्थ्य ओळखणे. पराभव करणे हा अर्थ 'पाणी पाजणे' याचा. उत्तरसूचीत दोन ओळींची अदलाबदल झाली होती. आणि 'पाणी सोडणे'? दान देताना हातावरून पाणी सोडण्याची जुनी रीत आहे. ते सोडले की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. एकदा असे कारण कळले, की हे वाक्प्रचार निराळे पाठ करावे लागत नाहीत.

सरावाच्या प्रश्नपत्रिका टाकून द्या, असे मी मुळीच म्हणत नाही. एका पेपरात ७५ प्रश्न आणि वेळ ९० मिनिटे. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ७२ सेकंद. हा वेग सरावावाचून येत नाही. परंतु पेपरात येणारा उतारा तुम्ही पूर्वी कधी पाहिलेला नसतो. अनोळखी मजकूर समजून घेण्याची सवय अनोळखी पुस्तकेच लावतात, मग ती गोष्टींची का असेनात.

गणिताचेही तसेच. ग्रंथालयातील नकाशासंग्रह उघडा. भीमा नदीवर उगमापासून कृष्णेच्या संगमापर्यंत ओला दोरा वळणावळणाने ठेवा, मग तो पट्टीवर मोजून नकाशाच्या प्रमाणाने गुणा. नदीची लांबी सुमारे ८६१ किलोमीटर सांगतात. तुमचे उत्तर बहुधा कमी भरेल. लहान नकाशात नदीची बारीक वळणे मावत नाहीत, हे दोराच तुम्हांला सांगेल. गुणोत्तर असे हाताने शिकलेले मूल शाब्दिक उदाहरणाला सहसा बिचकत नाही.

त्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली का, असे तुम्ही विचाराल. नाही मिळाली, थोड्या गुणांनी हुकली. ते गुण माझ्या कुलपामुळेच गेले, असे म्हणता येणार नाही. पण तसे नव्हतेच, असेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तिच्या प्रश्नानंतरच्या सकाळी मी वर्गासमोर माझी चूक कबूल केली आणि किल्ली ग्रंथालयाच्या दारापाशी खिळ्याला टांगली. पुढे ती तेथेच राहिली. त्या वर्षी दोन पुस्तके हरवली. त्यांतले एक उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कोणीतरी गुपचूप परत आणून ठेवले. चांगलेच मळलेले होते.