दोन निराळी दप्तरे

या सदराच्या एका जुन्या वाचकाने पत्र पाठवून अशी फर्माईश केली आहे की, इतरांच्या कलाकृतींची आणि पराक्रमांची इतकी वर्षे झडती घेतल्यानंतर आता 'तटस्थ' यांनी स्वतःचीही जबानी द्यावी. खेळ, पुस्तक, खाणे, गाणे आणि विनोद या पाच बाबतींत त्यांना स्वतःला काय आवडते ते आडपडदा न ठेवता सांगावे. मागणी रास्त आहे. असली सही धारण करणाऱ्यालाही जीभ आणि कान असतातच, आणि त्यांच्यावर तटस्थतेचा अंमल चालत नाही.

मात्र जबानीपूर्वी एक हरकत नोंदवून ठेवतो. अशा याद्या पुष्कळदा वाचनात येतात, आणि त्यांतील बहुतेकांत माणसे आपली आवड सांगत नसून आपली प्रतिष्ठा सांभाळत असतात. क्रिकेटमध्ये सचिन तेंडुलकर, गाण्यात भीमसेन जोशी, विनोदात पु. ल. देशपांडे ही नावे कोण नाकारील? परंतु ज्या नावाला कोणाचीच हरकत नाही ते उच्चारल्याने उच्चारणाऱ्याविषयी काडीचाही बोध होत नाही. श्रेष्ठत्वाचा निवाडा हा जाणत्यांच्या पंचायतीचा मामला आहे. तेथे पुरावे लागतात, तुलना लागते, आणि आपल्याला न रुचणाऱ्यालाही त्याचे माप पदरात घालावे लागते. आवडीच्या मुलखात यांपैकी कशाचीच सक्ती नसते. ही दोन दप्तरे निराळी ठेवावीत असे माझे मत आहे. आणि ज्याच्या दोन्ही दप्तरांतल्या नोंदी तंतोतंत जुळतात त्याने दुसरे दप्तर पहिल्यावरून उतरवून काढले आहे, असे बेलाशक समजावे.

खेळापासून आरंभ करतो. १९४७ साली बडोद्यात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली, आणि प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील कोणत्याही जोडीची सर्वांत मोठी भागी म्हणून ती २००६ पर्यंत अबाधित राहिली. पुढच्याच वर्षी ॲडलेडच्या कसोटीत, ब्रॅडमनच्या संघापुढे आणि लिंडवॉल-मिलर यांच्या माऱ्यापुढे, हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, एक ११६ धावांचे आणि दुसरे १४५ धावांचे. एकाच कसोटीत असा पराक्रम त्यापूर्वी कोणा भारतीयाने केला नव्हता. निवाड्याच्या दप्तरात या दोन नोंदी ठळक अक्षरांत हव्यात, याविषयी दुमत नाही. परंतु माझा जीव जडला आहे तो त्यांच्या तिसऱ्याच एका खेळीवर, आणि ती खेळी संघाला पराभवापासून वाचवूही शकली नाही.

१९४३-४४ च्या मोसमात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम फेरी चालू होती. हिंदू संघाने विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या बळावर ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडून दिला होता. समोर होता रेस्ट नावाचा संघ. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन या चार कप्प्यांपैकी कोठेच न बसणाऱ्यांची ती मोट, आणि सांगलीचे ख्रिस्ती म्हणून हजारे तिच्यात. हा संघ पहिल्या डावात १३३ धावांत कोसळला आणि दुसऱ्या डावात त्याच्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला. धर्मावरून संघ पाडण्याची ती वहिवाट मला तेव्हाच्या टीकाकारांइतकीच आक्षेपार्ह वाटते, आणि १९४६ नंतर ती बंद पडली हे उचितच झाले. तरीही, कोठेच न बसणाऱ्यांच्या बाजूने उभे राहून, सामना हातचा गेलेला असताना, एखाद्याने एवढा वेळ खेळपट्टीवर ठाण मांडावे, यात मला जे भव्य वाटते ते ५७७ धावांच्या त्या विक्रमी भागीत वाटत नाही.

अधिक खोलात शिरून सांगायचे तर माझी आवडती खेळी हजाऱ्यांच्या त्रिशतकाहूनही लहान आहे. त्या डावात विजयरावांना साथ देऊन त्यांच्याशी ३०० धावांची भागी करणारे त्यांचे बंधू विवेक यांच्या स्वतःच्या धावा होत्या २१. मी तो सामना पाहिलेला नाही. धावफलकाच्या आकड्यांवरूनच माझी कल्पना काय रंगायची ती रंगते. पण दुसऱ्या टोकाला भावाचा पराक्रम चालू असताना स्वतः मोहात न पडता चेंडूमागून चेंडू तटवत राहणाऱ्या त्या माणसाविषयी मला जी आत्मीयता वाटते तिला कोणत्याही निवाड्यात जागा नाही, आणि ती तिला मिळावी असा माझा आग्रहही नाही. (हजाऱ्यांसारखेच कृष्णाकाठचे म्हणून कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे नावही ओठांवर येते, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधले त्यांचे कांस्यपदक साऱ्यांना ठाऊक आहे, पण त्याआधी १९४८ मध्ये, लंडनला, जन्मात प्रथमच मॅटवर कुस्त्या करून त्यांनी मिळवलेला सहावा क्रमांक मला अधिक प्रिय आहे. लाल मातीत डाव घटवलेल्या गड्याने परक्या मॅटवर पाय रोवणे म्हणजे काय, ते आखाड्यात उतरलेल्यांनाच विचारावे.)

पुस्तकांच्या बाबतीत, मराठीतील श्रेष्ठ आत्मकथन कोणते असे कोणी विचारले तर मी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे बोट दाखवीन आणि पुढे वाद घालणार नाही. परंतु दुखण्यात, प्रवासात किंवा मन उगीचच उठले असता माझा हात आपोआप जातो तो विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'कडे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, घरचे कर्ज फेडावे या हेतूने, बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार आणि तेथे दक्षिणेची लयलूट होणार ही वार्ता ऐकून, चुलत्याला सोबत घेऊन १८५७ साली घराबाहेर पडला; वाटेतच बंडाच्या धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्यात शहरात अडकला, कत्तल आणि जाळपोळ डोळ्यांनी पाहिली, लुटला गेला, आणि अखेर द्रव्याऐवजी गंगेची कावड खांद्यावर घेऊन परतला. इतिहासाचे अभ्यासक हे पुस्तक झाशीच्या राणीसाठी वाचतात, ते योग्यच आहे. मला मात्र भूल पडते ती भटजींच्या हिशेबी नजरेची. कोठे दक्षिणा किती मिळाली, पंक्तीला काय होते, लुटारूंनी कोणत्या दिवशी कोणत्या जिनसांना हात घातला, हे सारे तो एखाद्या कारभाऱ्याच्या काटेकोरपणाने नोंदवतो, आणि त्याच ओघात स्वतःची पाचावर धारण बसली होती हेही लपवत नाही. शूराने लिहिलेली युद्धवर्णने आपल्याकडे थोडी नाहीत. भ्यालेल्या आणि तरीही डोळे उघडे ठेवलेल्या माणसाचे हे एकच माझ्या परिचयाचे आहे.

या पुस्तकाच्या दोन वाचना आहेत. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केले तेव्हा त्यावर बरेच संस्कार केले होते. इंग्रजी अमलाच्या छायेत त्यांना तसे करणे प्राप्तच होते, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली छापून आणला. वैद्यांची वाचना सुबक आहे आणि प्रथम वाचणाऱ्याने तीच घ्यावी; मला मात्र आवडतो तो पोतदारांचा पाठ, कारण त्यात वाक्ये अडखळतात, आणि अडखळणाऱ्या वाक्यांत भटजी अधिक ऐकू येतात.

खाण्याचा विषय निघाला की संभावित माणसे पुरणपोळीचे नाव घेतात. पुरणपोळीच्या थोरवीला माझा मुजरा असो; पण ती पाहुण्यांसमक्ष खायची वस्तू आहे. माझे मन गुंतले आहे ते कुळथाच्या पिठीत. हे गरीब कडधान्य भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कोकणात उभे राहते. घाटावर त्यालाच हुलगा म्हणतात, आणि तेथे त्याची शेंगोळी आणि माडगे होते. एकेकाळी हे घोड्यांच्या चंदीचे धान्य म्हणून अधिक प्रसिद्ध होते, आणि त्यामुळेच की काय, समारंभाच्या पंक्तीत त्याला कोणी पाट मांडत नाही.

पिठीची सिद्धता सोपी भासते, परंतु ती फसण्याच्या जागा फार आहेत. कुळीथ आधी खमंग भाजायचे, जात्यावर भरडून पाखडून टरफले काढायची आणि मग दळायचे. भाजणी कमी पडली तर पिठीला कच्चा वास येतो, अधिक झाली तर कडवटपणा. फोडणी लसणीची, आणि लसूण लालसर होईपर्यंत हात आवरायचा. पीठ गार पाण्यातच कालवायचे, कारण उकळत्या पाण्यात कोरडे पीठ भुरभुरले की गुठळ्या झाल्याच. आमसूल घालायचे ते शेवटी. मुख्य कसोटी दाटपणाची: चुलीवर असताना पातळ वाटणारी पिठी पानात येईतो आळते, म्हणून उतरवताना ती अंमळ सैलच असावी लागते, आणि हे अंमळ म्हणजे किती ते कोणत्याही पाकपुस्तकात लिहून ठेवता येत नाही. मऊ भात, त्याच्या मधोमध आळे, आळ्यात वाफाळती पिठी, वर लोणकढे तूप, बाजूला भाजलेला पापड. बाहेर पाऊस असेल तर उत्तमच, नसेल तर अडत नाही. अलीकडे काही उपाहारगृहांतून ही पिठी छोट्या मातीच्या वाडग्यात, वर कोथिंबिरीची नक्षी काढून, मुख्य जेवणाआधी सूप म्हणून देतात. खाणाऱ्यांची गर्दीही होते. मी तिच्यात नसतो.

गाण्याविषयी लिहिताना मला थोडे सांभाळून लिहिले पाहिजे, कारण या प्रांतातल्या मंडळींचा संताप लवकर शमत नाही. ध्वनिमुद्रित ख्यालगायनात सर्वांत गंभीर आणि सर्वांत पूर्ण काय, या प्रश्नाला माझे उत्तर अमीर खाँसाहेबांचा मारवा हे आहे. तो ऐकण्यासाठी मात्र मला दिवस राखून ठेवावा लागतो, दार लावून घ्यावे लागते, आणि ऐकून झाल्यावर काही काळ बोलवत नाही. ज्या वस्तूपुढे माणसाला इतके अदबीने बसावे लागते ती पूज्य असते, लाडकी होत नाही. लाडके आहेत ते मल्लिकार्जुन मन्सूर. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे हे गवई मिरजेस नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेऊन तयार झाल्यावर पुन्हा शागीर्द बनून अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्यापुढे बसले, आणि १९३७ साली मंजी खाँ अकाली गेल्यावर त्यांचे बंधू भुर्जी खाँ यांच्यापुढे. कीर्ती हाताशी आलेली असताना पुन्हा पहिल्या पाठापासून आरंभ करण्यास जी निरहंकारता लागते ती त्यांच्या गाण्यात मला अजूनही ऐकू येते.

मन्सूर प्रस्तावना करीत नाहीत. आलापीचा लांबलचक मांडव न घालता बंदिशीला हात घालतात, आणि मध्यलयीत एका स्वरवाक्याचे शेपूट दुसऱ्यात गुंफीत, श्वास कोठे घेतला याचा पत्ता लागू न देता, समेवर अशा बेताने येतात की मान डोलावण्याची पूर्वतयारी केलेल्या श्रोत्याची फजिती व्हावी. नट बिहाग, खट, शिवमत भैरव असे अनवट राग त्यांच्या मुखातून ऐकताना ते अनवट आहेत हे ध्यानात राहत नाही. घरचाच माणूस दाराशी आला आहे असे वाटते. वीस मिनिटांत राग संपवून ते मोकळे होतात. आजच्या मैफलींतून जो एकेक राग तासन्‌तास ताणला जातो, आणि तिहाईंवर टाळ्यांची वसुली होते, त्याला मी विस्तार म्हणायला तयार नाही.

राहिला विनोद. येथे पु. लं.ना वगळून मी चिं. वि. जोशींचे नाव घेणार म्हणून कोणी भुवया उंचावतील. मला कोटी हसवते, पण कोटी दुसऱ्यांदा हसवत नाही. पहिल्या वाचनातच ती आपली कमाई करून निघून जाते. चिं. वि. हे पाली भाषेचे पंडित. बडोद्यात त्यांनी अध्यापन केले आणि पुढे संस्थानचे दप्तर सांभाळले. (माझ्या आवडींचा बडोद्याशी हा दुसरा संबंध निघाला, संस्थान खालसा झाले, ऋण राहिले.) रोज जुन्या कागदपत्रांत वावरणाऱ्या या गृहस्थाने चिमणरावाकडून स्वतःची जी हकीकत वदवली आहे तीत विनोद करण्याचा प्रयत्न चिमणराव कोठेच करीत नाही. तो आपली फजिती अत्यंत गंभीरपणे, न्यायाच्या अपेक्षेने, वाचकापुढे मांडतो. आपली पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू, म्हणजे सारे घरच पाखरांचे झाले आहे, याची त्याला स्वतःला दखल नाही. हसायचे की नाही हे त्याने सर्वस्वी आपल्यावर सोडले आहे.

मुंबई दूरदर्शनने पुढे ही मंडळी घरोघर नेली, आणि माझ्या पिढीतल्या पुष्कळांच्या मनात चिमणराव म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि त्याचा सोबती गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे हे समीकरण कायमचे मुक्रर झाले. त्यानंतरच्या पिढीची या पुस्तकांविरुद्ध फिर्याद दुहेरी आहे: भाषा जुनाट आहे, आणि मुली पाहण्यावरचे विनोद आता पटत नाहीत. दुसऱ्या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूचा आहे. पहिल्यावर मात्र माझी एक तोड आहे. घरातल्या तरुणांच्या हाती मी पुस्तक देतच नाही. रात्री जेवणे आटोपली की एखादे प्रकरण, चेहरा शक्य तेवढा कारकुनी ठेवून, मोठ्याने वाचू लागतो. गुंड्याभाऊ सोटा घेऊन अवतरेपर्यंत त्यांची बोटे मोबाइलवर फिरत असतात, आणि त्यानंतर त्यांतला जो सर्वांत घुमा, त्यालाच हटकून पाणी प्यायला उठावे लागते.

— तटस्थ