चिठ्ठी दप्तरातच राहते
माध्यमिक शाळांना आणि आठवी ते दहावीच्या पालकांना जाहीर आवाहन

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता शाळेच्या सभागृहात पालकसभा आयोजित केली आहे. तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.’ फुलस्केपच्या एका कागदावर अशा चार सूचना बसतात. शिपाई पट्टी लावून त्याचे चार तुकडे करतो, वर्गशिक्षक ते वाटतात आणि मुले घडी घालून कंपासपेटीत, वहीच्या कव्हरात नाहीतर पँटच्या खिशात ठेवून देतात. शनिवार येतो आणि जातो. रविवारी आई कपडे भिजवायला घेते, सवयीने खिसे चाचपते, तेव्हा तिच्या हाती ती चिठ्ठी लागते.

सभा तोवर उरकलेली असते. साठ मुलांच्या वर्गातले आठ-दहा पालक आले तर बरी हजेरी म्हणायची. त्यातले निम्मे नेहमीचेच, म्हणजे ज्यांची मुले पहिल्या पाचात असतात ते. ज्यांच्याशी बोलायचे असे शिक्षकांच्या मनात असते, त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. मग शिक्षक म्हणतात, पालकांना काही पडलेलीच नाही. आणि पालक म्हणतात, शाळा काही कळवतच नाही. दोघेही खोटे बोलत नसतात. मधला निरोप्या चौदा वर्षांचा आहे, एवढेच. कोणता कागद घरी पोहोचवायचा आणि कोणता नाही, हे त्याचे त्याने ठरवलेले असते.

पहिली-दुसरीत ही अडचण नव्हती. आई फाटकापर्यंत जायची, बाईंशी दोन शब्द बोलायची, ‘आज डबा नाही खाल्ला’ हेही तिला तिथेच कळायचे. पुढे गावातली जिल्हा परिषदेची शाळा संपते आणि मूल शेजारच्या मोठ्या गावच्या हायस्कूलात जाऊ लागते. मुलगा सायकलवर, मुलगी अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर एसटीने. एका बाईंच्या जागी सात-आठ विषयशिक्षक येतात. आईचे पाऊल शाळेच्या दारातून निघते ते थेट निकालाच्या दिवशी पुन्हा पडते.

कायद्याचे पाऊलही साधारण तिथेच थबकते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि निम्म्या जागा महिलांसाठी ठेवल्या. पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा, पहिली ते आठवीचा. म्हणजे नववी-दहावीत, जिथे एक तारीख हुकली तर वर्ष जाते, तिथेच पालकाचे शाळेशी असलेले नाते सगळ्यांत विरळ होते. हे आवाहन आठवी ते दहावी या तीन वर्षांपुरते आहे.

न कळण्याची किंमत रुपयांतही मोजता येते. आठवीत ‘एनएमएमएस’ ही राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी ती आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. मात्र त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो सेतू केंद्रात अर्ज करून तहसील कार्यालयातून मिळवायचा, आणि त्याला दिवस लागतात. ‘उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे’ असे मूल रात्री जेवताना सांगते, त्या वेळी बाप काहीही करू शकत नाही. हीच गोष्ट जूनमध्ये कळली असती तर शेतीच्या कामातून एक दिवस काढणे त्याला जमले असते.

दुसरे उदाहरण दहावीच्या निकालाचे. मार्च २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. मार्च २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातचे २० गुण बंद झाले होते. निकालानंतर गदारोळ झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते २० गुण पुन्हा सुरू झाले. पुढच्या वर्षी निकाल ९५.३० टक्के लागला. एका निर्णयाने निकाल असा खालीवर होतो, तेव्हा तो निर्णय घरातल्या मोठ्या माणसांना वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत हवा. आजही ८० गुण लेखी आणि २० गुण अंतर्गत अशी विभागणी आहे. ते २० गुण कशाचे, प्रात्यक्षिकवही कधी तपासून घ्यायची, तोंडी परीक्षा कोणत्या आठवड्यात, हे किती घरांत ठाऊक असते?

तारखाही आता जुन्या अंदाजावर राहिलेल्या नाहीत. दहावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. २०२४ मध्ये ती १ मार्चला सुरू झाली, २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला. फेब्रुवारीच्या अखेरीस घरात लग्न काढणाऱ्याला हे आधी कळलेले बरे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी ती पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा महानगरांपुरती होती. आता खेड्यातल्या मुलालाही जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तो बाहेर पडतो. हा नियम सायबर कॅफेतल्या पोराकडून कळण्यापेक्षा शाळेकडून कळावा. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र तर दहावीच्या दिवाळीआधीच काढायला घ्यायला हवे.

हा प्रश्न सगळ्यांत बिकट होतो तो ऊसतोड कुटुंबांत. बीड, अहिल्यानगर, धाराशिवच्या गावांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी कर्नाटकात. परततात मार्च-एप्रिलमध्ये. सहामाहीचा निकाल, बोर्डाचा फॉर्म, सराव परीक्षा, हॉलतिकीट आणि प्रत्यक्ष परीक्षा, सगळे नेमके याच महिन्यांत. मूल गावी आजीपाशी आणि आई-बाप दोन-तीनशे किलोमीटरवर फडात. पहाटे अंधारात कोयता हाती घेतलेल्या माणसाला सकाळी अकराचा फोन उचलता येत नाही. रात्री आठनंतर कोपीवर आल्यावर तो उचलतो, रेंज असेल तर. या कुटुंबांसाठी पालकसभेची तारीख टोळी निघण्याआधीची हवी आणि त्यानंतर महिन्यातून एक फोन रात्रीचा हवा. मुलगी सलग आठ दिवस दिसली नाही तर तो फोन महिन्याची वाट पाहत थांबू नये. अनेकदा शाळेतली गैरहजेरी ही ठरलेल्या बालविवाहाची पहिली खूण असते. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक शिक्षकांच्या खोलीत लावलेला असावा आणि तशी शंका आली तर तो फिरवायला कोणी कचरू नये.

कळवल्याने खरेच फरक पडतो का, असे विचारणारे भेटतात. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २२ शाळांमध्ये हे तपासून पाहिले गेले. मुलाने कोणता तास चुकवला, कोणता गृहपाठ दिला नाही, गुण किती घसरले, एवढेच पालकांच्या मोबाइलवर साध्या मेसेजने जाऊ लागले. विषयात नापास होण्याचे प्रमाण चतुर्थांशाहून अधिक घटले आणि तासांची हजेरी वाढली. यासाठी वेगळा शिक्षक नेमावा लागला नाही. आपल्याकडे दिल्ली सरकारने ३० जुलै २०१६ रोजी सर्व सरकारी शाळांत एकाच दिवशी पालकसभा घेतली, तिची जाहिरात रेडिओवर आणि वर्तमानपत्रांत केली. सभेचे निमंत्रण मुलाच्या खिशावर सोपवले नाही, हे त्यातले महत्त्वाचे.

म्हणून मुख्याध्यापकांना पहिली विनंती अशी, की शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात वर्षाचा एकच कागद काढावा. एका बाजूला तारखा : घटक चाचण्या, सत्र परीक्षा, शिष्यवृत्तीचे अर्ज, बोर्डाचे फॉर्म, सहल, स्नेहसंमेलन. दुसऱ्या बाजूला कोणता दाखला कोणत्या महिन्यापर्यंत तयार हवा याची यादी. भाषा घरातली असावी. ‘सदर बाब निदर्शनास आणून देण्यात येत आहे’ हे वाक्य वाचून आठवी शिकलेली आई तो कागद बाजूला ठेवते. ‘मुलगा चार दिवस शाळेत आला नाही’ हे ती पुन्हा वाचते. हा कागद मुलाच्या हाती न देता पहिल्या सभेत पालकाच्या हाती द्यावा. जे येणार नाहीत त्यांच्या घरी तो गावातल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने पोहोचवावा.

सभेची वेळ शाळेच्या सोयीची असते, ती पालकाच्या सोयीची करून पाहावी. खेड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी माणसे तशीही मोठ्या गावात येतात; त्या दिवशी दुपारी सभा ठेवली तर वेगळा हेलपाटा पडत नाही. औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळेने पाळ्या पाहून संध्याकाळ धरावी. आणि सभेत पहिला पाऊण तास पाहुण्यांच्या सत्काराला देऊ नये. शाल, श्रीफळ आणि प्रास्ताविक होईपर्यंत रोजंदारीवरची बाई उठून गेलेली असते. त्याऐवजी प्रत्येक पालकाला वर्गशिक्षकांशी पाच मिनिटे एकट्याने बोलायला मिळाली तर तीच बाई पुढच्या वेळी शेजारणीलाही घेऊन येईल.

व्हॉट्सॲप ग्रुप तर आता प्रत्येक वर्गाचा असतो. त्यात सकाळी गुलाबाची फुले आणि सुविचार पडतात, दुपारी कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि त्या ढिगाखाली ‘उद्या आधारची झेरॉक्स आणावी’ ही सूचना गाडली जाते. फक्त शिक्षकांना लिहिता येईल अशी सोय त्यात आहे. ती सुरू करावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप टाकावा. मात्र फी थकलेल्यांची, नापासांची, गैरहजरांची नावे तिथे कधीही टाकू नयेत. ज्याचे त्याला कळावे, गावाला नव्हे. मुलाबद्दल घरी काही कळवायचे तर ते आधी मुलाला सांगावे. पाठीमागून गेलेली तक्रार त्याला चुगली वाटते आणि पुढची चिठ्ठी खिशातही न राहता गटारात जाते.

पालकांकडे मागणे थोडे आहे, पण ते नेमके आहे. प्रवेशाच्या वेळी दिलेला नंबर बदलला असेल तर तो शाळेत जाऊन बदलून द्यावा. अर्धे निरोप बंद पडलेल्या सिमकार्डावर जातात. प्रगतिपुस्तकावरची सही स्वतः करावी, आणि करण्याआधी त्यातला हजेरीचा रकाना पाहावा, कारण गुणांआधी तो बोलतो. जनरल रजिस्टरमधले मुलाचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख शाळेत जाऊन एकदा डोळ्यांखालून घालावी. शाळा सुटल्यावर त्यातली एक वेलांटी दुरुस्त करायला किती खेटे घालावे लागतात, हे ज्याने घातले त्यालाच विचारावे. ‘अपार’ या विद्यार्थी-ओळख क्रमांकासाठी संमतीपत्र आले तर ते कशासाठी आहे हे विचारून मगच सही करावी. विचारणे हा आगाऊपणा नाही.

खासगी शाळांतल्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा, आणि कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. चिठ्ठी कधी टाकली, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे. सर्वच शाळांत २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती अपेक्षित आहे. तिच्यात कोण आहे आणि तक्रारपेटी कोण उघडते, हेही मुलींच्या आयांनी विचारून घ्यावे.

गावाचाही यात वाटा आहे. ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून पाणीपट्टीची आठवण होते, तशी पालकसभेचीही व्हावी. बचतगटाच्या मासिक बैठकीत पाच मिनिटे शाळेच्या कागदाला मिळावीत. शेतात किंवा कामावर अडकलेल्या आईच्या जागी आजी, मावशी, मोठी बहीण आली तर शाळेने ‘पालकच हवेत’ म्हणून तिला परत पाठवू नये. शिक्षकांच्या मागे निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती आणि साठ-साठ मुलांच्या वह्या आहेत, हे पालकांनीही समजून घ्यावे. रात्री साडेदहाला ‘सर, उद्या शाळा आहे का’ असा फोन करू नये.

शाळा सुरू झाली की वर्गशिक्षकांच्या टेबलावर फोन नंबर लिहून घ्यायची वही येईल. यंदा तिच्यात रकाने थोडे वेगळे आखावेत. पहिला आईच्या नंबरचा, दुसरा वडिलांच्या, तिसरा घराजवळच्या एखाद्या भरवशाच्या माणसाचा. आणि चौथ्या रकान्यावर लिहावे : फोन कधी उचलता येईल?